तीन महिन्यांनंतरची बाटली

धानपट्ट्यात पाळी चुकल्याचं बाईच्या लक्षात यायला आषाढासारखा वाईट महिना नाही. पहाटे परे उपटायचे, पेंड्या बांधायच्या, मग दिवस मावळेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करायची. एकाची बांधी संपली की दुसऱ्याची. साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या आसपास हे दिवस असेच जातात. कंबर दुखते, मळमळतं, घास गिळवत नाही, आणि या सगळ्याला चिखल नि उपास कारण म्हणून पुरतात. त्यातून नवऱ्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असलं तर तारखा मोजायचं बाईला काही कारणच उरलेलं नसतं. धान निसवायला लागतं तेव्हा कुठे शंका येते आणि तोवर तीन-चार महिने उलटलेले असतात.

अशा घरात डॉक्टरचं काय चुकलं हे पहिल्यांदा कोणी विचारत नाही. हे कोणाचं, असा प्रश्न आधी येतो.

पुरुष नसबंदी फसून दिवस राहिले की दोषाचं बोट आधी बाईच्या चारित्र्याकडे जातं. मग नशिबाकडे, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या व्यवस्थेकडे अगदी शेवटी, तेही क्वचित. असं का झालं हे समजायला नसबंदीचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो. या इतिहासात सुरीची चूक फार मोठी नाही. मोठी आहे ती शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी व्हायची आणि वर्षानुवर्षं न झालेली एक साधी तपासणी.

सानगडी हे किल्ल्याचं गाव. भोवती तलाव, बोड्या आणि बांध्या. या मुलखातल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान उभं केलं. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते त्यामुळे. सरकारी आरोग्यसेवा गावापर्यंत पोचली ती बऱ्याच उशिरा. १९६२ च्या १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्या हाताखाली आली. नर्सबाई, आरोग्य सेवक, लाल त्रिकोणाची पाटी आणि ‘कुटुंब नियोजन’ हा शब्द खेड्याच्या बोलण्यात आला तो याच सुमाराला. त्याच्यासोबत आणखी एक शब्द आला, ‘केस’. नर्सबाई केस आणते, गुरुजींना केस द्यावी लागते, तलाठ्याच्या नावावर अमुक केसेस. माणसाला केस म्हणायची ही सवय सरकारी दप्तरातून आली आणि गावाच्या तोंडी बसली.

कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी, आणि ती मराठी मातीतही नवी नव्हती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि त्यापायी प्राध्यापकी, पैसा, प्रतिष्ठा सगळं गमावलं. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. मूल हवं की नको हे ठरवण्याचा हक्क माणसाला असावा, आणि त्यात बाईच्या शब्दाला वजन असावं. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनं गांधीजींना मान्य नव्हती, त्यांचा भर संयमावर होता. ही चर्चा झाली ती विदर्भातच, भंडाऱ्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर. पुढे १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा अधिकृत कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम हाती घेणारा हा जगातला पहिला देश. त्याच वर्षी मुंबईच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंब नियोजन महासंघाची स्थापना झाली.

कर्व्यांच्या लेखी हा हक्क होता. सरकारी कार्यक्रमात तो हळूहळू आकडा झाला, आणि त्या वाटेवरही महाराष्ट्र पुढेच होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. डी. एन. पै यांनी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली. कामावर जाता-येता माणसाने थांबावं, अर्ध्या तासात मोकळं व्हावं आणि पुढची गाडी धरावी, अशी ती योजना. गर्दीच्या शहराला ती शोभणारी होती. केरळातल्या एर्नाकुलममध्ये १९७१ च्या जुलैत भरलेल्या शिबिरात महिन्याभरात ६३ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभरच्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे शिबिराचा नमुना उभा राहिला. मंडप, भोंगे, रांगा, भेटवस्तू, रोख रक्कम. पुढची काही वर्षं जिल्ह्याजिल्ह्यांत हीच शिबिरं भरली.

आता ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते ते जवळून पाहू, कारण पुढचा सगळा घोळ तिच्या रचनेतूनच निघतो.

वृषणात तयार झालेले शुक्राणू दोन बारीक नळ्यांतून वर जातात. ही शुक्रवाहिनी बोटांत धरली तर शिवणाच्या जाड दोऱ्यासारखी, कडक लागते. डॉक्टर कातडीच्या आत ती चिमटीने शोधतो, जागा बधिर करतो, नळी बाहेर ओढतो, तिचा लहानसा तुकडा कापतो आणि दोन्ही टोकं बांधतो. मग दुसरी बाजू. चीनमधल्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये सुरीऐवजी टोकदार चिमट्याने कातडीला भोक पाडण्याची रीत काढली. भारतात ती १९९० च्या दशकात आली आणि गावात ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणून ओळखली गेली. दोन्ही रीतींनी काम दहा-पंधरा मिनिटांचं. पोट उघडावं लागत नाही, संपूर्ण भूल द्यावी लागत नाही. बाईच्या नसबंदीपेक्षा हे सोपं आणि निर्धोक आहे, याबद्दल वैद्यकात दुमत नाही.

पण नळी कापली म्हणजे पुरुष त्या दिवसापासून निर्बीज झाला, असं नसतं. कापलेल्या जागेच्या पुढे जे शुक्राणू आधीच गेलेले असतात ते तिथेच साठून राहतात. ते निघून जायला साधारण वीस वेळा वीर्यपात व्हावा लागतो, किंवा तीन महिने जावे लागतात. तोवर निरोध वापरायचा. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं आणि त्यात एकही शुक्राणू दिसला नाही तरच नसबंदी यशस्वी झाल्याचा दाखला द्यायचा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही हाच नियम आहे. त्यानंतरही साधारण दोन हजारांत एखाद्याच्या नळीची टोकं शरीर आपोआप जोडतं. कापलेल्या टोकाशी गाठ धरते, त्या गाठीतून केसाएवढ्या बारीक वाटा फुटतात आणि शुक्राणूंना पलीकडे जायला रस्ता मिळतो. यात कोणाचाच हलगर्जीपणा नसतो. शरीर जखम भरून काढतं, तसंच हे. अशी तुटलेली नळी हाताने पुन्हा जोडण्याचं कौशल्यही मुंबईतच विकसित झालं होतं. डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी या शस्त्रक्रियेचे अनुभव १९६७ मध्ये अमेरिकेच्या मूत्रविकारशास्त्राच्या नियतकालिकात मांडले.

म्हणजे फसलेल्या नसबंदीचे तीन प्रकार. तीन महिने थांबलं गेलं नाही, हा पहिला. नळीऐवजी दुसरंच काही कापलं गेलं किंवा एक बाजू राहून गेली, हा दुसरा. शरीराने टोकं जोडली, हा तिसरा. दुसऱ्यात डॉक्टरची चूक उघड आहे, तिसऱ्यात कोणाचीच नाही. पहिल्यातली चूक कोणाची, हे त्या माणसाला काय सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं आणि पुढे कोणी विचारपूस केली का, यावर ठरतं. आणि तिन्हींपैकी नेमकं काय झालं, हे सांगणारी गोष्ट एकच, वीर्याची तपासणी.

ही तपासणी खेड्यातल्या माणसाला काय पडते याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. स्वच्छ, रुंद तोंडाची बाटली. त्यात नमुना धरायचा आणि तो थंड न होऊ देता, साधारण तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली पोचवायचा. सानगडीच्या माणसाने तो घरून आणायचा तर साकोली गाठायची, तिथे सोय नसेल तर महामार्गाने भंडारा. तासाभरात हे जमणं कठीण. तेव्हा नमुना दवाखान्यातच द्यायचा, म्हणजे ओळखीच्या लोकांनी भरलेल्या व्हरांड्यातून हातात रिकामी बाटली घेऊन संडासाकडे जायचं आणि भरलेली घेऊन परतायचं. समोर बाकावर पोरांना डोस पाजायला आलेल्या बाया, त्यात गावातलीच कोणी वहिनी. ऑपरेशनच्या दिवशी न्यायला गाडी येते, सोबत माणूस येतो, हातात पैसे पडतात. बाटलीच्या दिवशी कोणीच येत नाही, आणि वर दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. माणूस परत गेला नाही म्हणून त्याला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. त्याला परत आणणं ज्यांचं काम होतं, त्यांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीच बंद होत होता.

तो हिशेब सगळ्यात क्रूर झाला १९७६ मध्ये, आणीबाणीत. त्या वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, तीन मुलं असलेल्या जोडप्यांसाठी. सक्तीचा असा कायदा करायला निघालेलं हे पहिलं राज्य. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, त्यामुळे तो अमलात आला नाही. पण कायद्याची वाट पाहायला कोणी थांबलं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७६ च्या जानेवारीत बाजाराला आलेल्या माणसांना नगरपालिकेच्या ट्रकमधून उचलून नेल्याच्या तक्रारी झाल्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राचा वाटा आठ लाखांवर होता. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे नसबंदीशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया केल्याच्या ५४८ तक्रारींची नोंद आली.

या आकड्यांत मृत्यू मोजले गेले, जबरदस्ती मोजली गेली. नसबंदी झाल्यानंतरही ज्या बायकांना दिवस गेले त्या मात्र कुठेच मोजल्या गेल्या नाहीत. ज्या डॉक्टरने दिवसभरात शेकड्याने नळ्या कापल्या त्याची बोटं संध्याकाळी कितपत अचूक असतील? ज्याला धरून आणलं तो तीन महिन्यांनी आपल्या पायांनी बाटली घेऊन येईल का? उत्तर अवघड नाही. त्या वर्षांत जन्मलेल्या किती मुलांच्या आयांनी शपथा घेतल्या असतील, किती माहेरी पोचवल्या गेल्या असतील, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

१९७७ मध्ये केंद्रातलं सरकार पडलं. १९७७-७८ मध्ये देशातल्या नसबंद्या दहा लाखांच्याही आत आल्या. पुरुषांनी या शस्त्रक्रियेकडे पाठ फिरवली ती कायमची. कार्यक्रमाचं नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झालं, उद्दिष्टं राहिली आणि ती बायकांकडे वळली. पुरुषाला नांगर धरायचा असतो, ओझं उचलायचं असतं, ऑपरेशनने अशक्तपणा येतो, अशी समजूत घराघरात मुरली आणि सासवांनीच सुनांना पुढे केलं. रोवणीला वाकणाऱ्या, डोक्यावरून भारे वाहणाऱ्या बाईच्या ताकदीचा विचार या हिशेबात आला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांमध्ये बाईची नसबंदी झालेली होती, पुरुषाची ०.३ टक्क्यांत. पुरुषाला ११०० रुपये देऊ केले तरी आकडा हलला नाही.

बाईच्या नसबंदीत हलगर्जीपणा झाला तर काय होतं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत जड उदाहरण तेव्हाच्या औरंगाबादचं आहे. १९६३ च्या जुलैत एक बाई तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. मुलगा झाला. तीन दिवसांनी तिची नसबंदी केली. त्यानंतर ताप चढला, पोट असह्य दुखू लागलं. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत शस्त्रक्रियेच्या वेळचा कापडी बोळा राहिलेला सापडला, भोवती पू झालेला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती पुन्हा दिली. पोटात कापड राहिलं ही गोष्टच हलगर्जीपणाचा पुरावा आहे, आणखी काही सिद्ध करायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. या एका वाक्यापर्यंत पोचायला जवळजवळ ३३ वर्षं लागली. आई गेली तेव्हा जे मूल दोन आठवड्यांचं होतं ते निकालाच्या दिवशी ३२ वर्षांचं होतं.

पोटातला बोळा दाखवता येतो. पुन्हा जुळलेली शुक्रवाहिनी अशी दाखवता येत नाही. म्हणून फसलेल्या नसबंदीचे दावे कायम निसरड्या जमिनीवर राहिले. त्यात ग्राहक न्यायालयाचं दारही या माणसांना बंद. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो ती सरकारी रुग्णालयं त्यातून वगळली. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट ऑपरेशन झालेल्या शेतमजुराला उरतो तो दिवाणी दावा. वकील, तारखा, आणि दर तारखेला बुडालेली मजुरी.

२००० साली वारं क्षणभर या माणसांच्या बाजूने वाहिलं. हरियाणातल्या एका गरीब मजूर बाईच्या दोन बीजवाहिन्यांपैकी एकच बंद केली गेली होती आणि तिला आणखी एक मुलगी झाली. सर्वोच्च न्यायालयाने हा हलगर्जीपणा मानला आणि मुलीच्या पालनपोषणासाठी ५४ हजारांची भरपाई कायम केली. पाच वर्षांनी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, पंजाब सरकारच्या अपिलात सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या खंडपीठाने रेघ वेगळी ओढली. कोणतीही नसबंदी शंभर टक्के खात्रीची नसते. केवळ ती फसली म्हणून भरपाई मिळणार नाही, डॉक्टरचा हलगर्जीपणा दाखवावा लागेल. आणि पाळी चुकल्याचं कळल्यावर बाईला गर्भपाताचा कायदेशीर मार्ग होता, तो तिने घेतला नाही तर मूल नकोसं होतं असं म्हणता येणार नाही.

पहिला भाग वैद्यकाला धरून आहे, त्यावर वाद नको. दुसरा भाग मात्र रोवणीच्या चिखलात टिकत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्याने गर्भनिरोधक फसल्याचं कारण ग्राह्य धरलं, हे या देशाने बायकांसाठी केलेलं मोठं काम होतं. तो कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. पण हक्क वापरायला वेळेत कळावं लागतं. नवऱ्याच्या ऑपरेशनवर विसंबलेल्या बाईला ते सगळ्यात उशिरा कळतं, कारण तिला निर्धास्त राहायला सांगितलेलं असतं. कळल्यावरही आधी नवऱ्याला सांगायचं धाडस करावं लागतं आणि मग गर्भपाताची सोय असलेलं रुग्णालय गाठावं लागतं. त्यातही गुपचूप जाऊन गर्भ पाडला तर गाव म्हणणार, होतंच काहीतरी लपवायला. न्यायालयाने जे दार उघडं मानलं, त्या दारातून जाणं म्हणजे अशा बाईसाठी आरोप कबूल केल्यासारखं ठरतं. सरकारी संमतिपत्राच्या नमुन्यातही पुढे हेच आलं. नसबंदी फसू शकते हे मला सांगितलं आहे, पाळी चुकल्यास दोन आठवड्यांत कळवीन, मुलाच्या संगोपनाचा खर्च मागणार नाही, असा त्याचा आशय. खाली सही किंवा अंगठा. पुरुषाच्या ऑपरेशनला अंगठा पुरुषाचा. दोन आठवड्यांची अट पाळायची असते बायकोला, आणि तिला तो कागद बहुधा कोणी वाचून दाखवलेला नसतो.

बाहेर काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. स्कॉटलंडमधल्या एका जोडप्यात नवऱ्याने १९८९ मध्ये नसबंदी केली. वीर्यतपासणी झाली, शुक्राणू नाहीत असं रुग्णालयाने पत्राने कळवलं. ते पत्र चुकीचं ठरलं आणि १९९२ मध्ये त्यांना पाचवं मूल झालं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने आईच्या वेदनेची आणि त्रासाची भरपाई मान्य केली, मुलाच्या संगोपनाचा खर्च मात्र नाकारला. निष्कर्ष आपल्याकडच्यासारखाच दिसतो, पण फरक मोठा आहे. तिथे वाद झाला तो आलेल्या पत्रावर. आपल्या खेड्यांत असं पत्र क्वचितच निघतं, त्यामुळे चुकलं कुठे हे सांगणारा कागदच हाती राहत नाही.

पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे. हे कोणाचं? भारतीय कायद्याने त्याचं उत्तर १८७२ मध्येच देऊन ठेवलं होतं. २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ नुसार लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच. पतीपत्नींचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच हे खोटं ठरतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळ उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. नवरा म्हणाला, माझी नसबंदी झाली आहे, तेव्हा मूल माझं नाही. न्यायालयाने विचारलं, ती यशस्वी झाल्याचा पुरावा कुठे आहे? ऑपरेशन झालं एवढं पुरत नाही. जी बाटली आरोग्य खात्याने विसरून टाकली होती, तीच न्यायालयाने मागितली. बायकोच्या अब्रूच्या बाजूने उभं राहिलेलं इतकं साधं, इतकं शास्त्रशुद्ध उत्तर दुसरं सापडत नाही.

आता डीएनए तपासणी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पोटगीच्या एका प्रकरणात नागपूरच्या प्रयोगशाळेने मूल नवऱ्याचं नसल्याचं सांगितलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. २०१४ च्या जानेवारीत न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञानाचा निष्कर्ष वर ठेवला. ते प्रकरण नसबंदीचं नव्हतं. पण हे साधन नसबंदी फसलेल्या घरात आलं तर संशयाखाली भरडलेल्या बाईला सोडवूही शकतं. खर्च परवडला आणि माहिती तिच्यापर्यंत पोचली तर.

अशा मुलाचा हिशेब आणखी एका ठिकाणी द्यावा लागतो, तो ग्रामपंचायतीत. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्यत्व जातं. कायदा जन्म मोजतो, तो कशामुळे झाला हे विचारत नाही. दोन मुलांवर ऑपरेशन करून घेतलेला, सरकारचं ऐकलेला माणूस सरकारचंच ऑपरेशन फसलं म्हणून सदस्यपद गमावू शकतो. बाई सदस्य असेल तर तीही.

२००५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीच्या दर्जाबद्दल राज्यांना आदेश दिले. पंजाबच्या निकालातही न्यायमूर्तींनी अशा गरिबांसाठी निधी किंवा विमा असावा असं सुचवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात विमा योजना आली आणि २०१३ पासून तिची जागा नुकसानभरपाई योजनेने घेतली. तरीही शिबिरांची घाई संपली नव्हती. २०१४ च्या नोव्हेंबरात शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळ, एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि त्या दिवसांतल्या शिबिरांनी १३ जणींचा जीव घेतला. २०१६ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितली.

नसबंदी फसली तर योजनेतून आधी ३० हजार मिळत, ती रक्कम पुढे ६० हजार झाली. हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही, ही या योजनेची सगळ्यात चांगली बाजू. अर्ज नव्वद दिवसांत करायचा असतो, फसल्याचं कळल्यापासून. सोबत संमतिपत्राची प्रत, नसबंदीचा दाखला आणि फसल्याचा वैद्यकीय पुरावा. तो दाखला तीन महिन्यांच्या तपासणीनंतर मिळतो. जो बाटली घेऊन गेलाच नाही त्याच्याकडे दाखला नाही, आणि त्याला कोणी बोलावलंही नव्हतं.

साकोलीपर्यंतच्या एका बसफेरीत, एका आशाताईच्या एका आठवणीत हे काम होण्यासारखं आहे. ऑपरेशनच्या दिवशी माणसाला न्यायला जी गाडी गावात येते, तिने तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दारात थांबावं. केंद्रात कडी असलेली एक खोली त्या सकाळी मोकळी ठेवावी. आणि अहवाल आल्यावर तो नवराबायको दोघांना समोर बसवून, त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा.

आषाढाच्या आधी.